समाजमाध्यमांवरील कर्मचारी-प्रतिनिधित्व

कर्मचाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी स्वतःच्या खात्यांवरून आपल्या कंपनीच्या कामाविषयी बोलावे, म्हणून कंपनी त्यांना देते ते उत्तेजन, प्रशिक्षण आणि मोकळीक. कार्यालयांत याला ‘एम्प्लॉयी ॲडव्होकसी’ म्हणतात. कंपनीच्या अधिकृत खात्यावरची जाहिरात यात मोडत नाही. इथे माणूस स्वतःच्या नावाने बोलतो आणि त्या नावाखाली कंपनीचे नाव असते.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. ‘कुठे असतोस?’ या प्रश्नाला इथला माणूस ‘लार्सनला’, ‘गोदरेजला’, ‘बेस्टमध्ये’ असेच उत्तर देत आला आहे. कंपनीची पत अशा माणसांमुळे कामगार वसाहतींत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या बोलणीत पसरत असे. बँकेत असलेल्या काकांच्या शब्दावर चाळीतली बिऱ्हाडे खाती उघडत. लिंक्डइन (२००३), फेसबुक (२००४) आणि ट्विटर (२००६, २०२३ पासून एक्स) यांनी ही तोंडी शिफारस लेखी केली आणि अनोळखी लोकांपर्यंत नेली. काकांचे चुकीचे वाक्य जिन्यातच विरून जाई; पोस्ट काढून टाकली तरी तिचा स्क्रीनशॉट राहतो.

या प्रथेला नियमांची चौकट देणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीचे नाव घ्यावे लागते. २००५ मध्ये तिथे ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, आणि ती कर्मचाऱ्यांनीच मिळून लिहिली. स्वतःच्या नावाने लिहा, आपण कुठे काम करता ते सांगा, मत आपले आहे हे स्पष्ट करा, हा त्यांचा गाभा. आजही बहुतेक कंपन्यांची धोरणे याच तीन गोष्टींभोवती फिरतात.

वरिष्ठांचा सहभाग निर्णायक असतो. साहेब जिथे काही लिहीत नाहीत, तिथे हाताखालचा माणूस लिहायला धजावत नाही. मुंबईत महिंद्रा समूहाचे आनंद महिंद्रा आणि आरपीजी समूहाचे हर्ष गोएंका हे उद्योगपती ट्विटरवर दीर्घकाळ लिहिणारे म्हणून परिचित आहेत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून जीप बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रांनी ट्विटरवर तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि महिन्याभरात ती दिलीही. कंपनीच्या वाहनांची तांत्रिक माहिती त्या लेखनात जवळजवळ नव्हती. लोकांच्या लक्षात राहिले ते एका माणसाने दुसऱ्याच्या हातातल्या कसबाची केलेली कदर.

उलट चित्रही सर्रास दिसते. मार्केटिंग विभाग तयार मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, ‘सर्वांनी लाईक आणि शेअर करा’ असा निरोप येतो, आणि एकच परिच्छेद चाळीस खात्यांवर उमटतो. काही ठिकाणी शेअरची मोजदाद थेट वार्षिक मूल्यमापनात जाते. याला प्रतिनिधित्व म्हणणे चूक आहे; ती विनामोबदला जाहिरात आहे, आणि वाचणाऱ्याला ती पहिल्या ओळीतच कळते. वाचले जाते ते कामातून आलेले लेखन: मशीन कुठे अडले, पावसात माल कसा पोहोचवला, नव्या मुलीने पहिल्या वर्षी काय शिकले. असे लिहिण्यासाठी माणसाला वेळ हवा आणि न लिहिण्याची मुभाही हवी. विरार किंवा कर्जतहून रोज ये-जा करणाऱ्याने ही पोस्ट घरी जाऊन रात्री लिहावी, ही अपेक्षा अन्याय्य आहे. तो कामाचाच वेळ धरायला हवा.

भाषेचा प्रश्न मुंबईत फारसा विचारात घेतला जात नाही. कंपनीचे प्रशिक्षण इंग्रजीत होते, म्हणून पोस्टही इंग्रजीत येतात. वास्तविक कर्जाची अट किंवा विम्याचा दावा मराठीत समजावून सांगणारा कर्मचारी आपल्या गावच्या माणसांपर्यंत थेट पोहोचतो.

कायद्याची बाजू या शहरात विशेष महत्त्वाची आहे, कारण शेअर बाजार इथे आहेत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार (इनसायडर ट्रेडिंग) प्रतिबंध नियमांनुसार, शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती बाहेर देता येत नाही. ‘तिमाही जोरात गेली’ एवढी आनंदाची ओळसुद्धा निकालाआधी लिहिणाऱ्याला अडचणीत आणू शकते. त्यामुळे सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांत माहिती आधी शेअर बाजाराला, मग लिंक्डइनवर, हा क्रम पाळावा लागतो. छायाचित्रांतली चूक याहून साधी असते: पाठीमागचा फळा, उघडा स्क्रीन, ग्राहकाचा कागद.

दुसरा नियम ओळख न लपवण्याचा. मुंबईतील जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये डिजिटल प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणारा आणि ब्रँड यांच्यातील जे संबंध उघड करायला हवेत, त्यांत नोकरीचाही समावेश आहे. आपल्याच कंपनीच्या ॲपला ग्राहक म्हणून पाच तारे देणे या तत्त्वाच्या विरुद्ध जाते.

टीकेची मर्यादा अधिक नाजूक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, वेतनाच्या वादात कंपनीविरुद्ध फेसबुकवर भडकाऊ मजकूर टाकणाऱ्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरवली. याचा अर्थ कामगाराने तोंड बंद ठेवावे असा काढणे गैर आहे. तक्रार आणि चिथावणी यांत फरक आहे. ‘आमच्याविषयी बोला’ म्हणणाऱ्या कंपनीच्या धोरणात हा फरक लिहिलेला असला पाहिजे; नाहीतर कौतुक करणाऱ्यांनाच बोलण्याची मुभा उरते.

खाते कोणाचे, हा प्रश्न नोकरी सोडताना उभा राहतो. मुंबई पोलीस आयुक्तांचे एक्सवरील खाते पदाच्या नावाने आहे. आयुक्त बदलले की ते नव्या आयुक्तांकडे जाते. खासगी कंपनीतल्या विक्री अधिकाऱ्याने दहा वर्षे स्वतःच्या नावाने जोडलेले लोक मात्र त्याचेच राहतात, आणि हे रुजू होतानाच लेखी ठरवून घेणे दोघांच्याही हिताचे असते.