ब्रिटनला राज्यघटना नाही?

गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत नाशिकमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे: ‘ब्रिटनला राज्यघटनाच नाही.’ हा समज सहज होण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे ३९५ कलमांचा एकच ग्रंथ २६ जानेवारी १९५० पासून अमलात आला आणि तसा एकसंध ग्रंथ ब्रिटनमध्ये खरोखरच नाही.

मात्र राज्यघटना म्हणजे सत्ता कोणाकडे, किती आणि कोणत्या मर्यादेत, हे ठरवणारे नियम. ते ब्रिटनमध्ये अनेक कायद्यांत, न्यायनिर्णयांत आणि संकेतांत विखुरलेले आहेत. संसदेच्या संमतीवाचून राजाला कर लावता येणार नाही, हे १६८९ च्या अधिकारांच्या सनदेत लिहिलेले आहे आणि १९११ च्या कायद्याने वरिष्ठ सभागृहाचा नकाराधिकार बव्हंशी काढून घेतला. म्हणून ‘अलिखित’ हा शब्दही मला अपुरा वाटतो. ‘असंहिताबद्ध’, म्हणजे एकाच ग्रंथात न बांधलेली, हा अधिक नेमका. न्यूझीलंडमध्येही असेच आहे.

पडताळणी अवघड नाही. ब्रिटिश कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर ही सनद आजही वाचता येते. फक्त ती १६८८ या वर्षाखाली शोधावी, कारण ती संमत करणारे संसदेचे अधिवेशन सुरू झाले तेव्हा तिथल्या जुन्या कालगणनेनुसार नवे वर्ष २५ मार्चला लागायचे होते, म्हणजे १६८८ च चालू होते.