क्लस्टर 'बंद' केला की 'डिलीट' केला? बिलाला फरक पडतो

सोलापुरात गड्ड्याची यात्रा तोंडावर आली की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर सॉफ्टवेअर सांभाळणारा पोरगा सांगतो, "मालक, क्लस्टर बंद केलोय की." क्लस्टर म्हणजे क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या, कुबरनेटिसनं एकत्र चालवलेल्या मशिनांचा गट. मालक निश्चिंत. पण या 'बंद'मध्ये दोन निराळी कामं मोडतात, आणि दोन्हींनंतर बिल येऊ शकतं.

एक म्हणजे नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशिनं, शून्यावर आणणं. यात मशिनचं भाडं थांबतं, बस्स. माग बंद ठेवला तरी वीजबिलात स्थिर आकार लागतोच, तसला प्रकार. ॲमेझॉनच्या ईकेएस या कुबरनेटिस सेवेत कंट्रोल प्लेनचे, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या मुख्य भागाचे, तासाला ०.१० डॉलर, महिन्याचे साधारण ७३, चालूच राहतात. हा भाग नुसता थांबवून ठेवायची सोयच नाही. ॲमेझॉनचा आरडीएस डेटाबेस थांबवला तर ७ दिवसांनी आपोआप सुरू होतो. चार दिवसांच्या सुट्टीला हा मार्ग ठीक आहे. काम कायमचं संपलं असेल तर नाही.

दुसरं म्हणजे डिलीट, आणि खरी गफलत इथंच होते. क्लस्टरमध्ये लोड बॅलन्सर (येणारी रहदारी वाटून देणारा) प्रकारची सर्व्हिस बनवली की क्लस्टरमधला कंट्रोलर हा प्रोग्राम ॲमेझॉनकडून लोड बॅलन्सर उभा करून घेतो; पीव्हीसी, म्हणजे साठवणुकीची मागणी, टाकली की ॲमेझॉनची ईबीएस डिस्क. हे सगळं आवरायचं कामही कंट्रोलरचंच. क्लस्टर आधी उडवला तर आवरणारा कोणी उरत नाही आणि वस्तू तशाच पडून राहतात. म्हणून आधी सर्व्हिस, इन्ग्रेस (बाहेरची रहदारी आत घेणारे नियम), पीव्हीसी काढा, त्या खरंच गेल्या का बघा, मगच क्लस्टरला हात लावा. रिक्लेम पॉलिसी (पीव्हीसी गेल्यावर डिस्कचं काय करायचं ते) 'रिटेन', म्हणजे 'ठेवा', असेल तर पीव्हीसी काढूनही डिस्क राहते. ती कोणीतरी मुद्दाम ठेवलेली असते, तेव्हा बॅकअप बघितल्याशिवाय उडवू नका.

उरलेलं शोधायचं तर ॲमेझॉनच्या कन्सोलवर ईसी२ (मशिनांचा विभाग) मध्ये व्हॉल्यूम्स, म्हणजे डिस्कची यादी, उघडून 'अव्हेलेबल' फिल्टर लावा. यात दिसणारी डिस्क कुठल्याच मशिनला जोडलेली नसते, भाडं मात्र चालू. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या दराने १०० जीबी जीपी३ प्रकारच्या डिस्कचे महिन्याला ८ डॉलर. नॅट गेटवे (आतल्या मशिनांना इंटरनेटवर जाऊ देणारा) त्याहून खादाड: नुसता पडून राहिला तरी महिन्याला ३३ च्या आसपास. इलास्टिक आयपी, म्हणजे राखून ठेवलेला इंटरनेट पत्ता, हाही सोडून द्या. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला, वापरात असो वा नसो, तासाला ०.००५ डॉलर लागतात.

आणि कन्सोलच्या वरच्या कोपऱ्यातला रीजन, म्हणजे ॲमेझॉनची मशिनं जिथं आहेत तो भाग, बदलून पुन्हा बघा. व्हॉल्यूम्सची यादी एका वेळी एकाच रीजनची दिसते; मुंबई साफ असली तरी चाचणीसाठी व्हर्जिनियात उभं केलेलं तिथंच असतं.