पन्हळीवरील जाळी

पन्हळीवरील जाळी : उतरत्या छपराच्या वळचणीला बसवलेल्या पन्हळीत पालापाचोळा, काटक्या, शेंगा व फुलांचा सडा जाऊ नये, पावसाचे पाणी मात्र जावे, यासाठी पन्हळीच्या तोंडावर किंवा पोटात बसवलेला अडसर. बाजारात हिला ‘गटर गार्ड’ म्हणतात. छिद्रे पाडलेली धातूची पट्टी, बारीक विणीची पोलादी जाळी, प्लॅस्टिकची जाळीदार चौकट, फोमचा ठोकळा, लांबट ब्रश आणि पाण्याला वळवून आत घेणारे बंदिस्त झाकण हे तिचे मुख्य प्रकार होत.

जाळीमुळे कचरा नाहीसा होत नाही. तो कुठे थांबेल एवढेच बदलते. पन्हळीच्या आत पडलेला पाला ओलाच राहतो, कुजतो, त्याचा चिकट गाळ होतो आणि उतरत्या पाइपाच्या तोंडाशी त्याचे बूच बसते. मग तुंबलेले पाणी पन्हळीच्या मागच्या काठावरून कडेच्या फळीत आणि भिंतीत मुरते. वजनही कमी नसते. १० मीटर लांब व १० सेंमी रुंद पन्हळीत ७.५ सेंमी उंचीपर्यंत पाणी साचले, तर ते ७५ किलो भरते आणि हा सगळा भार ब्रॅकेटांच्या स्क्रूंवर येतो. जाळीच्या वर थांबलेला पाला मात्र उन्हाने वाळतो आणि वाऱ्याने उडून जातो. जाळीचा सगळा फायदा या वाळण्यात आहे. ज्या प्रकारात कचरा वाळू शकत नाही, तो प्रकार कितीही मजबूत असला तरी कामाचा नाही.

कचरा पाहून निवड. जाळी निवडताना पहिला प्रश्न किंमत किंवा टिकाऊपणाचा नसून छपरावर नेमके काय पडते याचा असतो. साग, वड, पिंपळ यांसारखी रुंद पाने कोणतीही जाळी अडवते. ५ ते ६ मिमी छिद्रांची साधी पट्टीही पुरते. अवघड असतो तो बारीक कचरा. गुलमोहर, चिंच यांच्या पर्णिका (एका पानातली सुटी बारीक पाने) काही मिलीमीटर रुंदीच्या असतात आणि मोठ्या छिद्रांतून थेट पन्हळीत उतरतात. सुरू किंवा पाइनच्या सुया त्याहून त्रासदायक. सुई आडवी पडली तर अडते, पण उभी आली की ३ मिमीच्या छिद्रात अर्धी शिरून रोवली जाते. अशा शेकडो सुयांचा एकमेकींत गुंतलेला थर झाला की वाराही त्याला हलवू शकत नाही. मॅपलच्या पंखधारी बियांचे आणि ओकच्या तुऱ्यांचे वर्तन असेच असते. अशा झाडांखाली अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास छिद्र असलेली बारीक विणीची जाळीच घ्यावी. छपरावर डांबरी शिंगल (बारीक खडीचा थर दिलेल्या चपट्या पट्ट्या) असतील तर त्यांवरून सुटणारी खडीची भुकटीही तीच अडवू शकते.

फांद्या छपरावर झुकलेल्या असतील तर त्या छाटणे हा जाळीपेक्षा स्वस्त उपाय आहे. छपराच्या आसपास झाडच नसेल, तर जाळी बसवण्याचे फारसे कारण उरत नाही.

प्रकार. ब्रश आणि फोम हे दोन्ही पन्हळीच्या पोटात बसतात. स्क्रू लागत नाही, अर्ध्या तासात काम होते आणि म्हणूनच ते खपतात. ब्रशच्या केसांत पाने अडकतात आणि सोडवता सोडवत नाहीत. फोमच्या भोकांत माती भरते, ओल टिकते, बिया रुजतात. उन्हाने फोम ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात ते वेगळेच. तात्पुरती सोय म्हणून दोन्ही ठीक, त्यापलीकडे नाहीत.

प्लॅस्टिकची चौकट पन्हळीच्या दोन काठांमध्ये दाबून बसवतात. ती हलकी व सहज कापता येणारी असते, पण उन्हाने ठिसूळ होते, मध्ये खचते आणि खचलेल्या खळग्यात पाला साचतो. छिद्रे पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी रुंद पानांच्या झाडांसाठी चांगली. जाड पत्र्याची घेतली तर ती वाकत नाही आणि पन्हळीच्या पुढच्या ओठाला आधारही देते.

बारीक विणीची जाळी स्टेनलेस स्टीलच्या तारेची असते आणि ॲल्युमिनियमच्या ताठ चौकटीवर ताणून बसवलेली असते. खरेदी करताना जाळीइतकेच चौकटीकडे पाहावे. चौकटीशिवाय नुसती जाळी मध्ये झोळ खाते. जाळी सपाट नसून तिला उंचवटे किंवा घड्या असतील तर उत्तम, कारण सपाट जाळीवरून पाणी पातळ चादरीसारखे सरळ घसरत पुढे जाते. उंचवट्याशी त्या चादरीचा वेग मोडतो आणि पाणी तारांना धरून खाली उतरते.

बंदिस्त झाकणाचे तत्त्व निराळे आहे. झाकणाचा पुढचा काठ गोलाकार वळवलेला असतो. पाणी पृष्ठभागाला चिकटून त्या वळणावरून मागे फिरते व अरुंद फटीतून पन्हळीत पडते. पाने सरळ पुढे जाऊन खाली पडतात. मध्यम पावसात हे झकास चालते. मुसळधार पावसात पाण्याचा थर जाड होतो, त्याचा वेग वाढतो आणि ते वळण सोडून सरळ पुढे उडते. वळणावर धूळ किंवा शेवाळ बसले तरी हाच परिणाम होतो. शिवाय ओली पाने पाण्याबरोबरच वळणाला चिकटून फटीत शिरतात आणि आत गेलेला कचरा काढायचा तर अख्खे झाकण उचकटावे लागते.

उतरत्या पाइपाच्या तोंडात बसवायचा तारेचा फुगा हा यांतला सर्वांत साधा प्रकार. तो पाइप वाचवतो, पन्हळ नाही. रुंद पानांच्या झाडाखाली चार-पाच पाने त्या फुग्याला लपेटली की पाण्याची वाटच बंद होते.

पाण्याचा हिशेब. जाळीविषयीच्या बहुतेक तक्रारी कचऱ्याच्या नसून वरून उडून जाणाऱ्या पाण्याच्या असतात. १ चौ. मीटर आडव्या क्षेत्रावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छपराच्या ५० चौ. मीटर भागावर ताशी १०० मिमी वेगाने पाऊस पडला, तर पन्हळीत मिनिटाला सुमारे ८३ लिटर पाणी येते. पन्हळ १० मीटर लांब असेल तर दर मीटरला ८ लिटरांच्या थोडे वर. हे कोणतीही बरी जाळी पचवते.

खरी कसोटी लागते ती छपराचे दोन उतार आत मिळतात त्या खोबणीत. कारागीर तिला व्हॅली म्हणतात. दोन्ही बाजूंचे मिळून ४० चौ. मीटरचे पाणी अशा एका खोबणीतून आले, तर मिनिटाला ६७ लिटर पाणी जेमतेम ३० सेंमी रुंदीवर कोसळते. दर मीटरच्या हिशेबाने हा भार सरळ काठाच्या सुमारे सत्तावीस पट आहे आणि पाण्याला वेगही असतो. म्हणून खोबणीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोठ्या छिद्रांची पट्टी वापरावी किंवा पन्हळीच्या पुढच्या ओठावर १० सेंमी उंचीची काटकोनी पत्र्याची आड लावावी. आडेमागे पाला साचतो, तेव्हा तो कोपरा वरचेवर साफ करावा लागेल हे धरूनच चालावे. छपराचा उतार ४५ अंशांहून जास्त असेल, तर सगळ्या काठावरच पाणी उडण्याचा धोका राहतो. तिथे बंदिस्त झाकण टाळलेलेच बरे.

जाळीचा स्वतःचा कलही महत्त्वाचा. ती बाहेरच्या बाजूला थोडी तरी उतरती हवी. छपराच्या उताराला जितकी जुळेल तितका पाला सरकून जातो. आडवी जाळी पाला धरून ठेवते. छपराकडे उतरती जाळी सर्वांत वाईट, कारण कचऱ्याचा बांध नेमका छपराच्या काठाशी तयार होतो आणि पाणी छपराच्या थराखाली शिरते.

धातूंची जोडी. वेगवेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला दुबळा गंजतो. तांब्याच्या छपरावरून किंवा पन्हळीतून आलेले पाणी ॲल्युमिनियमला व जस्ताच्या मुलाम्याला खाते, त्यामुळे तांब्याच्या पन्हळीला तांब्याचीच किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी लावावी. जस्त-ॲल्युमिनियम मुलाम्याच्या पत्र्यावर मात्र स्टेनलेस स्टील थेट टेकू देऊ नये. तिथे ॲल्युमिनियमची जाळी आणि पत्र्याच्या मुलाम्याशी जुळणारे स्क्रू बरे. समुद्राजवळ स्टेनलेस स्टील घ्यायचे असेल तर ३१६ प्रतीचे घ्यावे. ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेने ठिपक्यांचा गंज चढतो.

बसवणे. आधी पन्हळ पूर्ण रिकामी करून वरच्या टोकाकडून नळीने पाणी सोडावे. दर ३ मीटरला ५ ते १० मिमी उतार असला की पाणी वाहून जाते. कुठे डबके राहिले तर ब्रॅकेट सैल झाले आहेत किंवा उतार चुकला आहे; ते आधी दुरुस्त करावे. जाळीखाली गेलेले डबके दिसत नाही, पण डासांना सापडते. सांधे गळत असतील तर तेही आताच सील करावेत.

मग पन्हळीची आतली रुंदी दोन्ही टोकांशी आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण जुन्या पन्हळीचा पुढचा ओठ बहुधा बाहेर झुकलेला असतो. जाळी मागून छपराच्या पहिल्या थराखाली सरकवून पुढे ओठावर स्क्रूने धरतात. स्क्रूंमधले अंतर ३० ते ४५ सेंमी. शिंगलांचा थर उचलावा लागत असेल तर उबदार दिवशी हलक्या हाताने उचलावा. थंडीत तो तडकतो. छपरातून खिळा किंवा स्क्रू आरपार नेऊ नये, तिथून पुढेमागे गळती लागतेच. छपराच्या थराची हमी असेल, तर खाली काही सरकवल्याने ती रद्द होते का हेही पाहून ठेवावे. नालीदार पत्र्यावर जाळी नुसती टेकवली तर प्रत्येक नाळेत (दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात) फट राहते आणि तीतून पाने व उंदीर दोन्ही आत जातात. नाळेच्या आकाराची पट्टी वापरून जाळी उंचवट्यांवर घट्ट करावी. कौलांच्या छपरात ती पहिल्या ओळीच्या कौलांखाली जाते.

कोपऱ्यात तुकडे ४५ अंशांत पत्राकात्रीने कापून जुळवावेत. टोके उघडी ठेवू नयेत. पक्षी घरटी करतात. तापमानामुळे होणाऱ्या लांबी-आखडीसाठी जागा सोडावी. तापमान ४० अंशांनी बदलले तर १० मीटर ॲल्युमिनियम सुमारे ९ मिमी वाढते, पीव्हीसी त्याच्या अडीच पटींहून जास्त. तुकडे एकमेकांना भिडवून आवळले तर उन्हात जाळी कमानीसारखी वर उठते. शेवटी नळीचे पाणी छपराच्या वरच्या भागातून सोडून पाहावे. थेट जाळीवर धार मारून घेतलेली चाचणी फसवी, कारण छपरावरून येणाऱ्या पाण्याचा वेग तिच्यात नसतो.

शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवावा आणि शिडीचा भार पन्हळीवर न देता भिंतीवर द्यावा.

देखभाल व बिघाड. वर्षातून एकदा, मोठ्या पानगळीनंतर, मऊ ब्रशने जाळी झाडावी. बारीक जाळीवरून पाणी अचानक उडू लागले आणि वर कचरा दिसत नसेल, तर परागकण, धूळ व डांबरी शिंगलांतून उतरलेले तेल यांचा पातळ थर छिद्रांवर बसला आहे असे समजावे; सौम्य साबणाचे पाणी व ब्रश यांनी तो निघतो. तारेचा ब्रश वापरू नये. दोन-तीन वर्षांतून एखादा तुकडा उचलून आत पाहावे. जाळीतून गेलेली बारीक माती तळाशी बसतेच आणि ती पाइपाच्या तोंडाकडे सरकत असते.

बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत पन्हळीच्या काठाशी बर्फाचा बांध होतो तो माळ्यावरून वर येणाऱ्या उष्णतेमुळे. जाळी त्यावर उपाय नाही; तो माळ्याच्या उष्णतारोधनात आहे.

वणव्याच्या प्रदेशांत मात्र जाळीच्या निवडीला सुरक्षेचे परिमाण येते. उडत आलेल्या ठिणग्या पन्हळीतल्या वाळक्या पाल्यावर पडून घर पेटू शकते. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या एएस ३९५९ या मानकानुसार अशा भागांत पन्हळीवर जाळी लावायची असेल तर ती अज्वलनशील असावी लागते. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेतही वणवाप्रवण क्षेत्रांतील पन्हळीत पाला साचू नये याची सोय सक्तीची आहे. तिथे प्लॅस्टिक, फोम व ब्रश बाद. धातूच्या जाळीवर साचलेला वाळका पालाही पेटतोच, त्यामुळे कोरड्या हंगामाआधीची सफाई टळत नाही.

छपराचे पाणी टाकीत साठवायचे असेल तर पाला पन्हळीत कुजू न देण्याला आणखी अर्थ येतो, कारण पानांतील टॅनिन या तुरट द्रव्याने पाणी तपकिरी होते. पक्ष्यांची विष्ठा आणि बारीक धूळ मात्र जाळीतून पाण्याबरोबर जाते. म्हणून पाइपावर पहिले पाणी बाजूला काढणारी जोडणी लागतेच. छपराच्या दर चौ. मीटरला अर्धा ते दोन लिटर पाणी सोडून देण्याची प्रथा आहे, ५० चौ. मीटरच्या छपरासाठी ते २५ ते १०० लिटर होते.