पायाला न कळलेली जखम

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाचं ड्रेसिंग सोडताना सिस्टर विचारतात, ‘हे लागलं कधी?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘लागलेलं कळलंच नाही.’ चपलेत शिरलेला खडा असो, काजूच्या बागेतला काटा असो की किनाऱ्यावर रुतलेली शिंपली, पायाला दुखलं असतं तर माणूस दुसऱ्या पावलाला थांबला असता. दुखलं नाही म्हणून तो आठवडाभर तसाच चालत राहिला.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं. देशाची सरासरी 11.4 टक्के आणि गोव्याची 26.4 टक्के. म्हणजे वयाची विशी ओलांडलेल्या दर चार गोवेकरांमागे साधारण एक.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांना इजा होते आणि सगळ्यात आधी मार बसतो तो सर्वांत लांब नसांना, म्हणजे पावलांपर्यंत पोचणाऱ्या नसांना. दुखणं, गरम-गार कळेनासं होतं. घाम आणणाऱ्या नसा थकल्या की कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात. पावलातले बारीक स्नायू दुबळे होऊन बोटं आखडतात आणि चालताना सगळा भार चवड्यावर येतो. तिथे घट्टा पडतो. वरून तो टणक दिसतो, पण त्याच्याखाली मऊ मांस चेंगरून जखम तयार होत असते. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, जोडीला विडी-सिगारेट असेल, तर ती भरून येणं आणखी अवघड.

ही गोष्ट नीट उलगडली ती कुष्ठरोग्यांमुळे. 1940 च्या दशकात वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं, की रुग्णांची बोटं रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. वेदना नसल्यामुळे त्यांना पुन्हा पुन्हा इजा होते आणि ती झिजत जातात. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी कामी आलं. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, आणि तो गेला की पहारा डोळ्यांनी द्यावा लागतो.

तो पहारा शिकवण्याचं काम नर्सचं. त्याआधी तपासणी होते: मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा जाड धागा पायाच्या अंगठ्याला आणि चवड्याला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. रुग्णाने डोळे मिटून ‘हो, लागलं’ म्हणायचं. धागा वाकला आणि रुग्ण गप्पच, तर त्या जागेची जाणीव गेली. मग सिस्टर हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांना लावून पाहतात. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर आत सूज असू शकते, कातडी वरून धड दिसली तरीही.

शिकवण्याची वेळ मात्र बहुधा डिस्चार्जच्या दिवशी येते. कागदपत्रं, औषधं, बिल, गाडी, सगळ्यांची घाई. डॉक्टर-नर्सनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात असं संशोधनात दिसून आलंय. म्हणून ‘कळलं ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला मान डोलावण्याखेरीज उत्तरच नसतं. विचारायचं ते असं: ‘काका, उद्या घरी गेल्यावर पाय कसे बघणार, मला करून दाखवा.’ तेव्हा कळतं, की काकांना वाकता येत नाही आणि चष्म्याशिवाय तळवा दिसत नाही. मग तळव्याखाली आरसा धरायचा, किंवा पाय बघायचं काम सुनेकडे नाहीतर नातवाकडे द्यायचं. त्यांनाही तिथेच बोलावून शिकवायला हवं. माझ्या मते ही दहा मिनिटं म्हणजे उपचारच आहे, औषधाच्या चिठ्ठीइतकाच.

सल्लाही आपल्या मातीतला हवा. भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्यातलं, कढत पाणी थेट पायावर ओतू नका, आधी कोपर बुडवून बघा. चतुर्थीच्या आगेमागे, पावसात, पाय सतत भिजतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बेचक्या पुसून कोरड्या ठेवा. टाचेला खोबरेल लावा, बोटांच्या मध्ये नको. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी भाजून काढते, आणि जाणीव नसलेल्या तळव्यांवर फोड घेऊन मधुमेही घरी येतात. देवदर्शनाला सकाळी लवकर जा, किंवा जाड मोजे घालून. यात देवाचा अवमान होत नाही. कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा शेतात उतरताना पावलं झाकणारी पादत्राणं हवीत. ती घालण्यापूर्वी आत हात फिरवून बघा. नवी घ्यायची तर संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असताना. नखं सरळ कापा. घट्टा ब्लेडने तासू नका आणि कुरूपावर मेडिकलमधली पट्टीही चिकटवू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

जखम दिसलीच तर हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. स्वच्छ पाण्याने धुवा, निर्जंतुक कोरड्या गॉजने झाका आणि त्या पायावर भार देणं थांबवा. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. लाली पसरतेय, वास येतोय, ताप आहे, बोट काळं पडतंय, तर सकाळची वाट न बघता गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात. एरवीच्या तपासणीलाही साखरेचा रिपोर्ट दाखवून परत फिरू नका. कोणी सांगितलं नाही तरी चपला-मोजे काढून पाय दाखवा.