सामाजिक मानसशास्त्र

सामाजिक मानसशास्त्र : इतरांच्या प्रत्यक्ष, कल्पित किंवा गृहीत उपस्थितीमुळे व्यक्तीचे विचार, भावना आणि वर्तन कसे बदलते, याचा शास्त्रीय अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये या आशयाची व्याख्या केली. त्यातली कल्पित उपस्थिती सहज नजरेआड होते. पहाटे पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या रिकाम्या चौकात एखादा दुचाकीस्वार लाल दिव्याला थांबतो, तेव्हा त्याला पाहणारे कोणी नसते. तरीही ‘लोक काय म्हणतील’ हा विचार त्याच्यासोबत असतो.

समाजशास्त्र संस्था आणि गट यांच्याकडे पाहते, व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र माणसाच्या स्वभावाकडे. या शाखेचा प्रश्न दोहोंच्या मधला आहे : तोच माणूस दोन प्रसंगी वेगळा का वागतो? वर्तन हे व्यक्ती आणि तिचे भोवताल या दोघांवर अवलंबून असते, असे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने १९३० च्या दशकात मांडले, आणि पुढचे बहुतेक संशोधन याच सूत्राभोवती उभे राहिले.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण परिस्थिती विसरून स्वभावावर बोट ठेवतो. लक्ष्मी रस्त्यावर समोरच्याने उलट्या दिशेने गाडी घातली, तर तो बेशिस्त. आपण घातली, तर उशीर झालेला असतो. स्वभावाला अवाजवी महत्त्व देण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉसने १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण दोष म्हटले. पण ती सगळीकडे सारखी नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतील आणि म्हैसूरमधील लोकांची तुलना केली. लहान मुलांत फरक थोडा होता. प्रौढांत मात्र अमेरिकनांनी स्वभावाकडे, तर म्हैसूरकरांनी नातेसंबंध आणि प्रसंग यांच्याकडे जास्त बोट दाखवले. कारणे शोधण्याची रीतही माणूस समाजाकडून शिकतो, असा याचा अर्थ निघतो. अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या शाखेचे मुख्य साधन प्रयोग. एक घटक मुद्दाम बदलायचा, बाकीचे शक्यतो तसेच ठेवायचे, आणि सहभागींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटायचे. नॉर्मन ट्रिप्लेटने १८९८ मध्ये मुलांना मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळायची गिरकी फिरवायला लावून, सोबत कोणी असताना वेग वाढतो का हे पाहिले; या शाखेच्या सुरुवातीच्या प्रयोगांत तो गणला जातो. खरा पाया मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन प्रयोगमालांनी घातला.

पहिली सॉलोमन ॲशची, १९५० च्या दशकातली. कार्डावरच्या तीन रेषांपैकी कोणती नमुन्याच्या रेषेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते. उत्तर डोळ्यांसमोर होते, पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याशी संगनमत केलेले आणि ठरवून एकसारखे चुकणारे. अशा फेऱ्यांत सुमारे एक-तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने गेली आणि सुमारे तीन-चतुर्थांश सहभागी निदान एकदा तरी बहुमतामागे गेले. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो : गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी अनुसरण आधीच्या सुमारे एक-चतुर्थांशावर उतरले. सोसायटीच्या सभेत सगळे हात वर करत असताना एक जण ‘मला पटत नाही’ म्हणतो, त्याचे मोल इथे मोजता येते.

दुसरी स्टॅनली मिलग्रमची, १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेली. दुसऱ्या माणसाच्या प्रत्येक चुकीच्या उत्तराला विजेचा धक्का देण्याचा आदेश सहभागीला होता. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. पहिल्या प्रसिद्ध निष्कर्षात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटनापर्यंत गेले. ‘माणूस मुळात क्रूर असतो’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. आदेश देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे २० टक्के उरले. सोबतच्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४. क्रौर्य जर स्वभावात असते, तर नुसती परिस्थिती बदलून ते इतके कमी झाले नसते. सहभागींना झालेल्या मानसिक त्रासामुळे या प्रयोगांवर कठोर टीका झाली. माहितीपूर्ण संमती आणि प्रयोगानंतर सर्व काही उघड करणे हे दंडक पक्के होण्यात या वादाचा वाटा मोठा आहे.

प्रयोगशाळेबाहेरचे काम तितकेच मोलाचे आहे. रिचर्ड लापियरने १९३० च्या दशकात एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर प्रवास केला. २५१ हॉटेल-उपाहारगृहांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नाकारले गेले. पण नंतर पत्राने विचारता उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी ग्राहक घेणार नसल्याचे कळवले. माणसाची अभिवृत्ती, म्हणजे मनातले मत आणि कल, आणि त्याचे वर्तन यांत अंतर असते. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढच्या टप्प्याचे बोलावणे मिळण्याची शक्यता कमी आढळली. ‘आम्ही जात पाहत नाही’ हे उत्तर प्रश्नावलीत सहज मिळते. अशी पद्धत त्यापलीकडे जाते.

अंतराची उलट बाजू पुण्याच्या रस्त्यांवर दिसते. हेल्मेट उपयोगी आहे हे मान्य असलेला माणूसही ते कोपरात अडकवून निघतो, कारण आजूबाजूचे तसेच निघालेले असतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका राष्ट्रीय उद्यानात दाखवले, की ‘अनेक जण इथले अश्मीभूत लाकूड उचलून नेतात’ या अर्थाच्या फलकाने चोरी उलट वाढते. त्यामुळे ‘पुण्यात कितीतरी जण नियम मोडतात’ अशी जनजागृती करणाऱ्यांनी थांबून विचार करायला हवा.

अफवांच्या अभ्यासात भारताचा वाटा मूलगामी आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. ज्या भागात हादरा जाणवला पण मोठी हानी झाली नाही, तिथे आणखी भयंकर संकटाच्या वार्ता पसरल्या होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरला यात दिसले, की या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. मनात आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. मनातल्या परस्परविरोधी गोष्टींमुळे येणारी अस्वस्थता माणूस कमी करू पाहतो, असे सांगणारा त्याचा १९५७ चा बोधात्मक विसंगतीचा सिद्धान्त या विचारातून आकाराला आला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली. पृष्ठताणाने चमच्यातले दूध ओढले जाते, हे शास्त्रज्ञांनी लगेच दाखवले. पण मंदिरासमोरची रांग हाच शेजाऱ्यासाठी पुरावा कसा बनतो, हा प्रश्न सामाजिक मानसशास्त्राचा होता.

गर्दी म्हणजे विवेक हरवणे, ही जुनी समजूतही मागे पडत आहे. प्रयागच्या माघ मेळ्यातील कल्पवासींचा, म्हणजे महिनाभर तिथे राहणाऱ्या यात्रेकरूंचा, स्टीफन रायकर आणि भारतीय संशोधकांनी अभ्यास केला. थंडी, गोंगाट आणि दाटी सोसूनही, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत यात्रेकरूंचे स्वास्थ्य सुधारलेले आढळले, असे २०१२ चा शोधनिबंध सांगतो. पुण्यात मुक्कामी येणाऱ्या पालख्यांबाबतही हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण एकत्र चालल्याने भिंती आपोआप पडत नाहीत. पुण्याच्या इरावती कर्वे यांनी स्वतः वारीत चालून नोंदवले, की एकाच वाटेवरच्या दिंड्या जातीनुसार वेगळ्या होत्या आणि जेवणही वेगळे होते. सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचा, तर त्यात समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि व्यवस्थेचा पाठिंबा लागतो, ही ऑलपोर्टची अट इथे तंतोतंत लागू पडते.

या शाखेला अलीकडे स्वतःची कसून तपासणी करावी लागली. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा केले गेले. सुमारे ३६ टक्क्यांतच मूळ परिणाम सांख्यिकीयदृष्ट्या ठळक मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्रात हे प्रमाण आणखी कमी निघाले. त्यानंतर अभ्यासाची योजना आधीच नोंदवणे, नमुना मोठा घेणे आणि आकडेवारी खुली ठेवणे या रीती रूढ होऊ लागल्या.

पुण्यात विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची उभारणी प्रा. व्ही. के. कोठूरकर यांनी केली. मानसशास्त्रज्ञ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत प्रज्ञेच्या मापनाचे काम रुजले. जातीय दुरावा, अफवा आणि नियमपालन या विषयांवर मराठी समाजातून गोळा केलेल्या सामग्रीची गरज मात्र मोठी आहे. म्हैसूरवरून पुण्याचा निष्कर्ष काढता येत नाही.