सनद गेली, सनद परत आली: अमेरिकेचं पहिलं सर्वोच्च न्यायालय कसं उभं राहिलं

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलच्या सज्जात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ती दिली रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी. हे न्यूयॉर्क राज्याचे चान्सलर, म्हणजे राज्याच्या न्यायव्यवस्थेतले. संघराज्याचा न्यायाधीश शोधायला गेलं तर असा एकही माणूस तेव्हा देशात नव्हता. ‘एक सर्वोच्च न्यायालय असावं’ एवढं राज्यघटनेत लिहिलं होतं. न्यायाधीश किती, बसणार कुठे, पगार किती, याबद्दल अक्षर नव्हतं.

ते काम काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलं. कनेक्टिकटचे सिनेटर ऑलिव्हर एल्सवर्थ यांचा मसुद्यात मोठा वाटा होता. २४ सप्टेंबर १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी न्यायव्यवस्था कायद्यावर सही केली. एक सरन्यायाधीश, पाच सहन्यायाधीश, तेरा जिल्हे आणि प्रत्येक जिल्ह्याला एक न्यायाधीश. तेरा जिल्हे म्हणजे तेरा राज्यं, असं अनेकजण धरून चालतात; ते चूक आहे. तोवर अकराच राज्यांनी घटना स्वीकारली होती. उत्तर कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड अजून बाहेर होती. मॅसॅच्युसेट्सचा मेन आणि व्हर्जिनियाचा केंटकी हे भाग वेगळे जिल्हे मोजले, म्हणून आकडा तेरावर गेला.

मेन आणि केंटकी सोडून बाकीच्या जिल्ह्यांवर पूर्व, मध्य आणि दक्षिण अशी तीन सर्किट, म्हणजे फिरत्या न्यायालयांचे विभाग, होती. सर्किट न्यायालयांना स्वतःचे न्यायाधीश मात्र दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या दोघा न्यायमूर्तींनी वर्षातून दोनदा फिरतीवर जायचं आणि त्या त्या जिल्ह्याच्या न्यायाधीशाबरोबर बसून खटले चालवायचे. खर्च वाचला खरा. पण पुढची बहुतेक दुखणी या एका तरतुदीतून निघाली.

कायद्यावर सही झाली त्याच दिवशी सहा नावं मंजुरीसाठी सिनेटकडे, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाकडे, गेली: न्यूयॉर्कचे जॉन जे सरन्यायाधीश, आणि दक्षिण कॅरोलायनाचे जॉन रटलेज, मॅसॅच्युसेट्सचे विल्यम कुशिंग, मेरिलँडचे रॉबर्ट हॅरिसन, पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन, व्हर्जिनियाचे जॉन ब्लेअर. सहा माणसं, सहा राज्यं. एकही राज्य दोनदा नाही. नावं इतकी तयार होती, कारण उन्हाळाभर अर्ज आणि शिफारशी येतच होत्या. वॉशिंग्टन यांचा नियम असा, की आधी कुणालाही शब्द द्यायचा नाही. मग पाहायचं ते तीन गोष्टींकडे: माणूस त्या कामाला लायक आहे का, आधी त्याने देशाची सेवा किती केली, आणि राज्यांमध्ये वाटणी बरोबर बसते का. विल्सन यांनी एप्रिलमध्येच पत्र लिहून सरन्यायाधीशपद मागितलं होतं. उत्तर गोळमटोळ गेलं आणि वाट्याला सहन्यायाधीशपद आलं. पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन याने व्हर्जिनियात सरकारी वकिलाची जागा मागितली, तेव्हा काकांनी सरळ नकार कळवला: अनुभवी वकील असताना नात्यातल्या तरुणाला नेमलं तर लोक बोट दाखवतील. हाच बुशरॉड पुढे १७९८ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, पण वॉशिंग्टन यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या हातून.

सिनेटने सहाही नावं २६ सप्टेंबरला मंजूर केली. दीड महिन्यापूर्वी असं झालं नव्हतं. जॉर्जियातल्या सव्हाना बंदराच्या एका जागेसाठी बेंजामिन फिशबर्न यांचं नाव सिनेटने फेटाळलं, आणि वॉशिंग्टन यांनी खरमरीत संदेश पाठवला, की शंका होती तर आधी मला विचारायचं होतं. त्या राज्याच्या सिनेटरांना डावलून नेमणूक रेटता येत नाही, हा धडा पहिल्याच उन्हाळ्यात मिळाला.

हे सगळं चालू होतं ते वॉशिंग्टन यांचं घर न्यूयॉर्कच्या चेरी स्ट्रीटवर भाड्याचं होतं. सुरुवातीला कुणीही कधीही येऊन भेटायचं, त्यामुळे पत्रांना हात लावायला वेळ उरेना. ॲडम्स, अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे आणि जेम्स मॅडिसन या नेत्यांचा सल्ला घेऊन वेळापत्रक बसवलं. मंगळवारी दुपारी तीन वाजता पुरुषांची जाहीर भेट. तिथे हस्तांदोलन नाही, फक्त वाकून अभिवादन. गुरुवारी चार वाजता जेवण, शुक्रवारी संध्याकाळी मार्था वॉशिंग्टन यांची बैठक. जूनमध्ये अध्यक्षांच्या मांडीवर मोठं गळू झालं, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कित्येक आठवडे एका कुशीवर पडून काम चाललं. पत्रांच्या नकला टोबियस लिअर आणि इतर चिटणीस वह्यांत उतरवून ठेवत. खातेप्रमुख आलेलं पत्र आणि उत्तराचा मसुदा दोन्ही अध्यक्षांकडे पाठवत. मसुदा शेरा न मारता परत आला, की मंजूर समजायचा.

३० सप्टेंबरला न्यायमूर्तींच्या सनदा, म्हणजे नेमणुकीची अधिकृत पत्रं, टपालात पडल्या. खरी चूक इथे होती. नाव सुचवलं, सिनेटने मंजूर केलं, सनद लिहून झाली. पण जॉन जे यांच्यासारखा हाताशी असलेला माणूस सोडला, तर बाकीच्यांना आधी विचारून घेणं सहसा झालंच नव्हतं. त्यात १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन न्यू इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाले, ते १३ नोव्हेंबरला परतले. तोवर नकार येऊ लागले होते. जिल्हा न्यायाधीशांपैकी मेरिलँडमध्ये टॉमस जॉन्सन, व्हर्जिनियात एडमंड पेंडलटन आणि दक्षिण कॅरोलायनात टॉमस पिंकनी यांनी पद नाकारलं. सिनेट २९ सप्टेंबरलाच उठली होती. मग त्या जागी पॅका, ग्रिफिन आणि ड्रेटन यांना सुटीतली तात्पुरती सनद द्यावी लागली. अधिवेशन भरल्यावर ती सिनेटपुढे पुन्हा मांडायची.

हॅरिसन यांचं प्रकरण जास्त लांबलं. युद्धात ते वॉशिंग्टन यांचे लष्करी चिटणीस होते, घरच्यासारखे. त्यांनी नकार कळवून सनद परत पाठवली. वॉशिंग्टन यांनी ती पुन्हा त्यांच्याकडे रवाना केली: फिरतीच्या कायद्यात बदल होण्याची शक्यता आहे, फेरविचार करा. हॅमिल्टन यांनीही गळ घातली. जानेवारी १७९० मध्ये हॅरिसन न्यूयॉर्कला निघाले, पण ब्लेडन्सबर्गला आजारी पडून मागे फिरले. एप्रिलमध्ये ते वारले. त्यांची जागा जेम्स आयरडेल यांना मिळाली. उत्तर कॅरोलायनाने नोव्हेंबर १७८९ मध्ये घटना स्वीकारली होती, आणि आयरडेल यांची कायद्यातली ख्याती आहेच, शिवाय त्या राज्यातून अजून कुणी संघराज्याच्या पदावर नाही, अशी नोंद वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत सापडते. नियम तेच: लायकी, मग वाटणी.

१ फेब्रुवारी १७९० रोजी न्यूयॉर्कच्या रॉयल एक्सचेंज इमारतीत न्यायालय भरायचं होतं. जॉन जे, विल्सन आणि कुशिंग असे तिघेच आले. कोरम, म्हणजे किमान हजेरी, चारची, त्यामुळे बैठक तहकूब. दुसऱ्या दिवशी ब्लेअर पोचले आणि कामकाज सुरू झालं. पण खटला एकही नव्हता. पगार सरन्यायाधीशाला वर्षाला ४,००० डॉलर, इतरांना ३,५००.

काम होतं ते रस्त्यावर. दक्षिण सर्किट सर्वांत वाईट: वाळूचे रस्ते, पूर आलेल्या नद्या, एकाच खोलीत चार अनोळखी माणसं झोपवणाऱ्या खाणावळी. आपलं आयुष्य टपालाच्या पोऱ्यासारखं झालंय, अशी आयरडेल यांची तक्रार होती. आणखी एक अडचण तत्त्वाची: सर्किटवर आपणच दिलेल्या निकालावरचं अपील वर आपल्याच न्यायालयात येणार. ऑगस्ट १७९२ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून वॉशिंग्टन यांच्यामार्फत काँग्रेसकडे अर्ज केला. १७९३ साली सवलत मिळाली ती एवढीच, की दोघांऐवजी एकाने गेलं तरी चालेल.

तोवर गळती सुरू झाली होती. रटलेज १७९१ मध्ये राजीनामा देऊन आपल्या राज्याच्या न्यायालयात गेले. त्यांच्या जागेसाठी मात्र वॉशिंग्टन यांनी आधी पत्र लिहून विचारलं. चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी आणि एडवर्ड रटलेज नाही म्हणाले, पण सनद वाया गेली नाही. टॉमस जॉन्सन तयार झाले आणि फिरतीला कंटाळून दीड वर्षाच्या आत बाहेर पडले. पुढचं नाव विल्यम पॅटरसन. २७ फेब्रुवारी १७९३ ला ते सिनेटकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. सिनेटर ज्या मुदतीसाठी निवडून आला, त्या मुदतीत एखादं पद निर्माण झालं, तर मुदत संपेपर्यंत त्याला ते पद देता येत नाही, असं घटना सांगते. पॅटरसन सिनेटर म्हणून ज्या मुदतीसाठी निवडून आले होते, ती ३ मार्चला संपत होती. ४ मार्चला तेच नाव पुन्हा गेलं आणि मंजूर झालं.

त्याच वर्षी फ्रान्स आणि ब्रिटनच्या युद्धात तटस्थ राहायचं कसं, याबद्दल २९ प्रश्न न्यायालयाकडे पाठवायचं अध्यक्षांनी ठरवलं. ८ ऑगस्टला उत्तर आलं: समोर खटला असल्याशिवाय आम्ही मत देत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींना अनुच्छेद १४३ खाली असं मत मागता येतं; अमेरिकेत ती वाट तेव्हाच बंद झाली.

१७९५ मध्ये जॉन जे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. सुटीतली सनद घेऊन सरन्यायाधीश झालेल्या रटलेज यांना सिनेटने डिसेंबरमध्ये १४ विरुद्ध १० मतांनी नाकारलं. मग कुशिंग: जानेवारी १७९६ मध्ये सिनेटने मंजुरी दिली, आणि तब्येतीचं कारण देऊन त्यांनीही सनद परत केली, जुनं सहन्यायाधीशपद मात्र ठेवलं. शेवटी मार्चमध्ये ऑलिव्हर एल्सवर्थ आले, १७८९ च्या कायद्याचा मसुदा करणारे. ४ मार्च १७९७ ला जॉन ॲडम्स यांना अध्यक्षपदाची शपथ त्यांनीच दिली.