छोटी अनुदाने, स्थानिक गट आणि हिशेबाचा प्रश्न : एक पार्श्वभूमी

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी टेबलखुर्च्या, ओढ्याकाठी लावायची रोपे, मुलांच्या नाटकासाठी एका संध्याकाळपुरते भाड्याने घेतलेले सभागृह, अशा कामांना लागणारी रक्कम फार मोठी नसते. पण ती मिळवणे मोठ्या रकमेपेक्षा अनेकदा अवघड ठरते. याचे कारण देणाऱ्याच्या बाजूला आहे. अर्ज वाचणे, अर्जदाराची खातरजमा करणे, करार करणे, पैसे पाठवणे आणि शेवटी हिशेब तपासणे यांवरचा खर्च रकमेच्या प्रमाणात कमी होत नाही, आणि त्यामुळे पाच हजारांच्या अनुदानाची फाइल पाच लाखांच्या फाइलइतकीच जाड होऊ शकते. स्थानिक गटांना मिळणाऱ्या छोट्या अनुदानांचा इतिहास बराचसा या एका अडचणीभोवती फिरतो. तिच्यावर वेगवेगळ्या काळात जे उपाय निघाले त्यांतूनच आजची पद्धत घडली, आणि त्यांतले बरेचसे उपाय एकदा विसरले जाऊन पुन्हा नव्याने शोधले गेले आहेत.

दानाला कायद्याची चौकट देण्याच्या प्रयत्नांमध्ये इंग्लंडच्या १६०१ च्या धर्मादाय कायद्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. या कायद्याच्या प्रस्तावनेत वृद्ध आणि गरिबांच्या मदतीबरोबर शाळा, पूल, बंदरे, रस्ते यांची दुरुस्ती आणि गरीब मुलींची लग्ने अशी कामांची यादी दिलेली आहे. कायद्याचा मूळ हेतू मात्र दानाच्या पैशांचा गैरवापर रोखण्याचा होता, म्हणजे हिशेबाचा प्रश्न तेव्हाही होताच. पुढे १८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. सरसकट भीक घातल्याने माणूस आळशी होतो अशी तिच्या चालकांची धारणा होती, म्हणून प्रत्येक गरजूच्या घरी जाऊन चौकशी करायची, नोंद ठेवायची आणि मगच मदत द्यायची असा शिरस्ता तिने पाडला. अर्ज, चौकशी आणि शेरा ही साखळी आजच्या अनुदान कार्यालयांत दिसते, तिची एक मुळी येथे सापडते. फरक एवढाच की तेव्हा चौकशी कुटुंबाची होत असे, गटाची नव्हे.

गटांना, म्हणजे गावाला किंवा एखाद्या समाजाला, ठरावीक अटींवर पैसे देण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशांतून जगभरात २,५०९ ग्रंथालये उभी राहिली ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या मानाने त्यांनी ७ हजारांहून अधिक चर्चना ऑर्गन विकत घ्यायला मदत केली हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ऑर्गनच्या बाबतीत साधारणपणे निम्मा खर्च मंडळींनी उचलायचा असे. ग्रंथालयाच्या बाबतीत जागा गावाने द्यायची आणि अनुदानाच्या एकदशांश इतकी रक्कम दरवर्षी देखभालीसाठी करातून काढायची, अशी अट होती. हा सारा पत्रव्यवहार कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम सांभाळत. ते अर्जदारांना कोरा तक्ता धाडत आणि तो नीट भरून आला नाही तर परत पाठवत. काही गावांनी त्या अटींमुळे देणगी नाकारलीही.

लोकवाट्याची अट किती दूर जाऊ शकते आणि कोणाच्या खांद्यावर पडते, हे पाहायचे तर ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या शाळांकडे वळावे लागेल. सीअर्स कंपनीचे प्रमुख असलेल्या रोझेनवाल्ड यांनी १९१२ साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांना २५ हजार डॉलर दिले. त्यातून उरलेल्या थोड्या रकमेत अलाबामा राज्यातील ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा छोट्या शाळा बांधून पाहाव्यात, असे वॉशिंग्टन यांनी सुचवले आणि तो प्रयोग यशस्वी झाला. १९३२ साली कार्यक्रम थांबला तोवर दक्षिणेकडील १५ राज्यांत जवळपास ५ हजार शाळा उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक शाळेसाठी स्थानिक लोकांनी आपला वाटा उचलावा आणि सरकारी शिक्षण खात्याने शाळा ताब्यात घेऊन चालवावी, अशी रचना होती. लोकांनी रोख वर्गणी दिली, लाकूड दिले, जमीन दिली, अंगमेहनत केली. आणि या सर्वांची बेरीज केली तर कृष्णवर्णीय समाजाचा वाटा रोझेनवाल्ड फंडाच्या वाट्यापेक्षा थोडा अधिकच भरतो. ही माणसे शाळांसाठीचा कर आधीच भरत होती, आणि त्या करातला फारच थोडा पैसा त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचत होता. लोकवाट्यामुळे आपलेपणा येतो हे खरे असले, तरी ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच दुसऱ्यांदा वसुली होते ही त्याची दुसरी बाजू आहे, आणि आजही अनेक योजनांची पत्रके पहिल्या बाजूवरच थांबतात.

पैसा कोणी वाटायचा या प्रश्नाला १९१४ साली क्लीव्हलँडमध्ये एक वेगळे उत्तर मिळाले. तेथील बँकर फ्रेडरिक गॉफ यांच्यासमोर मृत्युपत्रांचा गुंता होता. पिढ्यांपूर्वी एखाद्या विशिष्ट कामासाठी ठेवलेला पैसा, ते काम संपल्यावरही, मृताच्या इच्छेने जखडून पडलेला असे. गॉफ यांनी अनेकांच्या ठेवी एकत्र करून क्लीव्हलँड फाउंडेशन काढले. ठेवी बँकेने सांभाळायच्या आणि उत्पन्न कसे वाटायचे हे शहरातील नागरिकांच्या समितीने काळानुसार ठरवायचे, असा त्यांचा विचार होता. ‘कम्युनिटी फाउंडेशन’ या नावाने हा नमुना पुढे जगभर पसरला. देणारा आणि घेणारा एकाच शहरात असल्याने गटाची ओळख पटवायला लांबचा प्रवास नको, ही त्याची छोट्या अनुदानांच्या दृष्टीने खरी सोय होती. समिती नागरिकांची असली तरी ती प्रतिष्ठितांची असे, वस्तीतल्यांची नव्हे, हेही नोंदवायला हवे.

वस्तीतल्यांनीच ठरवावे ही कल्पना सरकारी कायद्यात उतरली ती १९६४ साली. त्याआधी फोर्ड फाउंडेशन या मोठ्या खासगी प्रतिष्ठानाने आपले अधिकारी पॉल इल्व्हिसाकर यांच्या पुढाकाराने काही शहरांतील पडक्या भागांत प्रयोग केले होते. त्यांचा ठसा अमेरिकेच्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी कायद्यावर उमटला. या कायद्यानुसार राबवायच्या स्थानिक कृती कार्यक्रमात रहिवाशांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असावा असे शब्द होते. ते लिहिणाऱ्यांनाही त्यांचा अर्थ किती दूर जाईल याची पूर्ण कल्पना असावी असे वाटत नाही. केंद्राचा पैसा महापालिकेला वळसा घालून थेट वस्तीतल्या संस्थांकडे जाऊ लागला, त्या संस्था महापालिकेलाच जाब विचारू लागल्या, आणि शहरोशहरीचे महापौर बिथरले. १९६७ च्या दुरुस्तीने या संस्थांवर नियंत्रण ठेवण्याची मुभा स्थानिक शासनांना मिळाली. तीन वर्षांत चक्र फिरले. मात्र थेट वस्तीला पैसा देता येतो हे एकदा दिसले ते दिसले.

खासगी प्रतिष्ठानांवरही याच सुमारास लगाम आला, आणि त्याचे परिणाम छोट्या गटांना आजवर जाणवतात. फोर्ड फाउंडेशनच्या पैशांतून क्लीव्हलँडमधील कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी झाली, १९६७ साली तेथे कार्ल स्टोक्स महापौर म्हणून निवडून आले, आणि प्रतिष्ठाने राजकारणात उतरली आहेत असा ओरडा संसदेत सुरू झाला. १९६९ च्या करसुधारणा कायद्यात मग असे ठरले की, नोंदणीकृत सार्वजनिक धर्मादाय संस्था नसलेल्या गटाला खासगी प्रतिष्ठानाने अनुदान द्यायचे असेल तर आधी चौकशी, लेखी करार, खर्चाचे अहवाल आणि करखात्याला त्याची माहिती ही सारी जबाबदारी प्रतिष्ठानाने उचलावी. कायद्याने मनाई केलेली नाही, हे लक्षात घ्यावे. पण हजार-दोन हजार डॉलरसाठी एवढा खटाटोप कोण करणार? नोंदणी नसेल तर अर्ज करू नये, असे एक वाक्य माहितीपत्रकात घालणे सोपे होते, आणि बहुतेकांनी तेच केले. वाट निघाली ती यजमान संस्थेची. नोंदणी असलेली एखादी संस्था आपल्या खात्यात पैसे घेते, हिशेबाची हमी देते, ठरावीक टक्के कापते आणि उरलेली रक्कम अनोंदणीकृत गटाला वापरू देते. ही वाट पुढे इतकी रुळली की काही संस्थांचे तेच मुख्य काम झाले.

गंमत अशी की त्याच १९६९ साली अमेरिकी संसदेने लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी इंटर-अमेरिकन फाउंडेशन स्थापन केले आणि सरकारांना बाजूला ठेवून थेट शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या, वस्तीतल्या गटांना मदत करण्याचे काम त्याच्याकडे दिले. घरी जे जड जात होते ते परदेशात करून पाहण्याची तयारी होती. पुढच्या दोन दशकांत अशा खिडक्या बऱ्याच उघडल्या. १९८३ साली जागतिक बँकेने, जिचे कर्ज कोटींच्या खाली क्वचितच येते, स्वतःचा छोट्या अनुदानांचा कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये मामा कॅश हा महिलांनी महिलांसाठी काढलेला निधी उभा राहिला. देणाऱ्या मंडळात कोणी बसावे, हा प्रश्न त्याने पुढे आणला. जपानने १९८९ पासून आपल्या दूतावासांमार्फत छोटी अनुदाने देणे सुरू केले. त्यांची मर्यादा दीर्घकाळ साधारणपणे १ कोटी येन राहिली, आणि दूतावास त्याच देशात असल्याने टोकियोचा फेरा बराचसा वाचतो.

या सर्वांत सर्वाधिक पसरलेला कार्यक्रम म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधा या पर्यावरणाच्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा, १९९२ साली सुरू झालेला छोटा अनुदान कार्यक्रम. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत तो चालतो, गटाला साधारणपणे ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळत आली आहे, आणि आजवर शंभराहून अधिक देशांत तो पोहोचला आहे. त्याची खरी कल्पकता रकमेत नाही. प्रत्येक देशात एक राष्ट्रीय समिती असते, तिच्यात सरकारबाहेरच्या सदस्यांचे बहुमत असते आणि अनुदानाचा निर्णय तीच घेते. न्यूयॉर्कहून मंजुरी यावी लागत नाही. सरकारी करारातून आलेला पैसा सरकारेतर बहुमताने वाटला जातो, ही गोष्ट कागदावर साधी दिसली तरी १९६७ च्या दुरुस्तीचा अनुभव लक्षात घेता ती साधी नाही.

श्रमदानाची किंमत धरण्याचा विचार सिअॅटल शहराने १९८८ च्या आपल्या परिसर निधीत पद्धतशीरपणे मांडला. वस्तीने जेवढे दिले तेवढे शहर देणार, पण वस्तीचा वाटा रोख असण्याची गरज नाही. स्वयंसेवकांचे तास, साहित्य, व्यावसायिकांनी विनामूल्य दिलेली सेवा हे सारे पैशांत मोजले जाई. रोझेनवाल्ड शाळांच्या वेळी लोकांनी केलेली अंगमेहनत मोजली जात होतीच, त्यामुळे कल्पना नवी म्हणता येणार नाही. तिला नियमाचे आणि दराचे रूप मिळाले ते येथे.

ब्रिटनमध्ये गाडी वेगळ्या मार्गाने आली. तेथील राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ रोजी निघाली आणि तिकिटाच्या प्रत्येक पौंडातले सुमारे २८ पेन्स समाजोपयोगी कामांसाठी राखले गेले. तिकिटे सर्वसामान्य माणसे घेत होती, तर १९९५ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला ७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गरिबाच्या खिशातून श्रीमंताच्या करमणुकीला, ही टीका मग कोणालाही सुचण्यासारखी होती. या पार्श्वभूमीवर दशकाच्या उत्तरार्धात ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ ही ५०० ते ५,००० पौंडांची, आखूड अर्जाची योजना आली. तिची वरची मर्यादा पुढे १० हजार आणि २०२३ साली २० हजार पौंड झाली. दरम्यान २००८ ते २०११ या काळात सरकारने १३ कोटी पौंडांची ‘ग्रासरूट्स ग्रँट्स’ योजना राबवली. त्यांतले ८ कोटी थेट छोट्या अनुदानांसाठी आणि ५ कोटी स्थानिक ठेवी वाढवण्यासाठी होते. वाटपाचे काम बहुतांशी कम्युनिटी फाउंडेशनांनी केले, म्हणजे गॉफ यांचा नमुना जवळपास शंभर वर्षांनी सरकारी पैशाचा वाटाड्या बनला. ठेवीचा भाग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण योजना तीन वर्षांत संपली तरी व्याज संपत नाही.

कागद अगदी काढूनच टाकला तर काय होते, याचा प्रयोग २००९ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या ऑसम फाउंडेशनने केला. दहा विश्वस्त दर महिन्याला शंभर-शंभर डॉलर काढतात आणि हजार डॉलर एका कल्पनेला देऊन टाकतात. अहवालाची सक्ती नाही, हिशेबही मागितला जात नाही. पैसा विश्वस्तांचा स्वतःचा असल्याने हे शक्य होते, सार्वजनिक निधीला ते परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही २०२० च्या महासाथीत अमेरिकेतील शेकडो प्रतिष्ठानांनी अहवालांच्या मुदती आणि खर्चाच्या शीर्षकांची बंधने सैल करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. शेजाऱ्यांना औषधे आणि शिधा पोहोचवणाऱ्या गटांकडे तेव्हा लेखी घटना नव्हती, कार्यकारिणी नव्हती, आणि त्यांना थांबायला वेळही नव्हता.

त्या गटांकडे बहुधा बँक खातेही नव्हते, आणि आजची अडचण तेथेच येऊन थांबली आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाने (एफएटीएफ, काळ्या पैशाच्या व्यवहारांविरुद्ध देशांना नियम सुचवणारी संस्था) जी आठवी शिफारस केली, तिच्यात ना-नफा संस्था विशेष असुरक्षित असल्याचे म्हटले होते. जून २०१६ मध्ये हे शब्द वगळण्यात आले आणि उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत असे सांगण्यात आले, पण बँकांच्या सवयी शिफारशीइतक्या लवकर बदलत नाहीत. लहान गटाचे खाते उघडून त्यातून बँकेला मिळणारे उत्पन्न नगण्य, आणि तपासणीचा खर्च मात्र पुरा. म्हणजे अनुदान देणाऱ्याची जी मूळ अडचण, तीच आता बँकेची झाली आहे. परिणामी अर्ज दोन पानांवर आला तरी मंजूर रक्कम जमा करण्यासाठी गट पुन्हा यजमान संस्थेचा दरवाजा ठोठावतो आणि तिची टक्केवारी मोजतो.